कमी ताणाचा वॉर्ड कुठला?

गेल्या महिन्यात एक मुलगी घरी भेटायला आली. जीएनएम होऊन चार वर्षं झालेली, एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत कामाला. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, "सिस्टर, दोनच गोष्टी विचारायच्यात. कमी ताणाचा विभाग कुठला? आणि उद्या काही बरंवाईट झालं तर माझ्यावर केस येऊ नये म्हणून काय करायचं?"

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. मी अठ्ठावीस वर्षं सरकारी रुग्णालयात काढली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आमच्या वेळी असा प्रश्न कुणी विचारला असता तर मेट्रन म्हणाल्या असत्या, "सेवा करायला आलीस की आराम करायला?" तेच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि ते मी गिळलं. ती गेल्यावर बराच वेळ विचार करत बसले. तिच्या प्रश्नात चूक काय होती? बँकेतला कारकून सोयीची शाखा मागतो, शिक्षक घराजवळची शाळा मागतो, डॉक्टर तर शिकतानाच हिशेब करतात की त्वचारोग घ्यावा, म्हणजे रात्रीचे फोन येणार नाहीत. त्यांना कुणी सेवाभाव विचारत नाही. तो फक्त आपल्याला विचारला जातो. कारण शुश्रूषा हे बाईचं काम, ते तिच्या रक्तातच असतं आणि रक्तात असलेल्या गोष्टीची मजुरी काय द्यायची, तिचे तास काय मोजायचे, अशी ही समजूत आहे. घरातल्या बाईला आणि वॉर्डातल्या बाईला ती सारखीच लागू होते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी इथे सरळ देते. तशाच मनःस्थितीत असलेल्या आणखीही मैत्रिणी असतील, त्यांच्यासाठीही.

रात्रपाळी झेपत नसेल तर बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, संसर्ग नियंत्रण, शाळा किंवा कारखान्यातला दवाखाना, नाहीतर पुढे शिकून नर्सिंगच्या शाळेत शिकवणं हे मार्ग आहेत. यात झोप मिळते. पण ओपीडीत गर्दी आणि रांगेतली भांडणं असतात, आणि ती सोडवायला पुढे सिस्टरलाच ढकलतात.

डायलिसिसमध्ये काम ठरलेलं असतं. तेच रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा येतात, नावानिशी ओळखीचे होतात. आयसीयूतल्या मुलींना तिथे श्वास घेता येतो. मात्र मशीनवर असताना रुग्णाचा रक्तदाब धाडकन खाली आला तर जवळ डॉक्टर हवा. कावीळ ब आणि क यांची लागण होण्याची भीती असते. आणि चार वर्षं ज्याच्याशी रोज बोललो तो एक दिवस येत नाही, हे दुःख वेगळंच असतं.

रक्तपेढीत धावपळ कमी, शिस्त जास्त. पण तिथली चूक लहान नसते. एका बाटलीवर दुसरंच लेबल लागलं तर माणूस जातो.

मनोरुग्णालयाला मुली घाबरतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर सांगतात की भीती पहिले सहा महिने वाटते, मग सवय होते आणि माणसं समजू लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर रुग्णाला बांधून ठेवायचं तर मनोविकारतज्ज्ञाची परवानगी आणि लेखी नोंद लागते. ती नोंद नसेल तर बोट तुमच्याकडेच वळेल, हे ध्यानात ठेवून तिथे जावं.

उपकेंद्रावर एएनएमला मान असतो, गाव ओळखतं. पण रजिस्टरांचा ढीग आणि एकटीचा प्रवास तिच्या वाट्याला येतो. वेदनाशमन विभागात मृत्यू येणार हे सगळ्यांनीच मान्य केलेलं असतं, त्यामुळे आरोप कमी होतात, पण मन घट्ट लागतं.

एवढं सांगून मी थांबले असते तर हा लेख लिहायची गरजच नव्हती. पण इतक्या वर्षांत मला दिसलं ते असं की ताण विभागाच्या नावात कमी असतो आणि त्या विभागातल्या व्यवस्थेत जास्त. एकाच शहरातल्या दोन आयसीयू बघा. एकीत दोन रुग्णांमागे एक सिस्टर, डॉक्टर मजल्यावर, ऑर्डर कागदावर. दुसरीत सहा रुग्णांमागे एक, डॉक्टर फोनवर, ऑर्डर तोंडी. पहिली थकवते. दुसरी माणूस मोडते. म्हणून विभाग बदलताना नाव विचारू नका, पाच गोष्टी विचारा. रात्री एकीकडे किती रुग्ण असतात? डॉक्टर इमारतीत असतो की घरी? एखादी आली नाही तर तिच्या जागी कोण येतं? ऑर्डर लिहून मिळते का? आणि कपडे बदलायला, लघवीला जायला कडी लागणारी जागा आहे का?

शेवटचा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटेल. अरुणा शानबाग केईएममध्ये वॉर्डात नव्हत्या. प्रायोगिक शस्त्रक्रिया विभागात, कुत्र्यांच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक होती. रुग्ण नाहीत, नातेवाईक नाहीत, म्हणजे आपल्या भाषेत निवांत विभाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या आणि तिथेच सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ, केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांना रुग्णालयातून हलवण्याचा प्रयत्नही परिचारिकांनीच हाणून पाडला. आपण त्या सेवेचं कौतुक करतो, करावंच. पण कपडे बदलायची सुरक्षित खोली मिळाली असती तर त्या कौतुकाची वेळ आली असती का, हेही विचारावं.

आता दुसरा प्रश्न, केसचा. इथे मी माझी गोष्ट सांगते.

पुरुष मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीला होते. चाळीस खाटा, खाली गाद्यांवर आणखी वीस, मी एकटी आणि एक मावशी. रात्री एकच्या सुमाराला एका रुग्णाची धाप वाढली. डॉक्टरांना घरी फोन लावला, त्यांनी इंजेक्शन आणि मात्रा सांगितली, मी ते दिलं. पहाटे रुग्णाची प्रकृती फार बिघडली. सकाळी डॉक्टर सर्वांसमोर म्हणाले, "मी निम्मी मात्रा सांगितली होती." मी वाचले ते तीन ओळींमुळे. फोनवर ऐकलेलं मी उलट म्हणून दाखवलं होतं, आणि रिपोर्ट बुकात लिहिलं होतं की एक वाजून दहा मिनिटांनी अमुक डॉक्टरांनी फोनवर अमुक औषध अमुक मात्रेत सांगितलं, परत वाचून दाखवलं, त्यांनी होय म्हटलं. चौकशी झाली आणि मिटली. रुग्णही वाचला, म्हणून हे मी आज लिहू शकते. माझ्याच बरोबरच्या एकीने अशाच रात्री ऐकलं आणि दिलं, पण लिहिलं नाही. तिची वेतनवाढ गेली, पुढे नोकरीवरचं मनही गेलं.

पण मी काही नेहमीच एवढी शहाणी नव्हते. मैत्रिणींनो, हे कबूल करायला हवं. रात्री दोनचे टीपीआर सकाळी सहाला मीही भरलेत. साठ रुग्णांचे नाडी-तापमान-रक्तदाब दर चार तासांनी घेणं एका बाईला शक्य नाही, आणि तक्ता रिकामा ठेवला तर इन्चार्ज रागावते. मग एका हाताने आकडे भरायचे. सगळ्याच भरतात. पण उद्या तोच तक्ता कोर्टात गेला, आणि रुग्ण तीन वाजता गेला असताना तुमच्या अक्षरात चारचा रक्तदाब लिहिलेला सापडला, तर कुठला वकील तुम्हाला वाचवेल?

गंमत अशी की आपण न केलेलं काम लिहून ठेवतो आणि आपल्यावर लादलेलं जादा काम मात्र लिहीत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिकाऊ रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, शिवाय रजेवरच्यांसाठी तीस टक्के जास्तीच्या. साठांमागे एक, हे आपण वर्षानुवर्षं सोसलं आणि त्याचा एकही कागद मागे ठेवला नाही. चौकशीत तक्ता बोलतो, तुमची कमरेची कळ बोलत नाही. म्हणून ज्या रात्री एकट्या असाल त्या रात्री रिपोर्ट बुकात पहिली ओळ हीच लिहा: रुग्ण इतके, परिचारिका एक, अमुक वाजता वरिष्ठांना कळवलं. जे झेपलं नाही तिथे "घेता आले नाही" असं लिहा. खोट्या आकड्यापेक्षा ती रिकामी जागा तुमच्या बाजूने साक्ष देईल.

कायद्याचं सांगायचं तर गोष्टी पूर्वीपेक्षा कठीण झाल्या आहेत, आणि याची चर्चा आपल्या संघटनांत फारशी झालेली नाही. जुन्या भारतीय दंड विधानात ३०४ अ कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, डॉक्टर असो, ड्रायव्हर असो की नर्स. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६(१) मध्ये ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसं घडलं तर मात्र दोनच वर्षं. आणि हा व्यावसायिक कोण, हे कलमाच्या स्पष्टीकरणात दिलं आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य पदवी असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. आपलं नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असतं, त्या नोंदवहीत नसतं. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच रात्री, एकाच चुकीसाठी ऑर्डर देणाऱ्याला कमाल दोन वर्षं आणि ती पाळणारीला कमाल पाच, असा या कलमाच्या शब्दांचा सरळ अर्थ निघतो. ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना सवलत, आणि ज्यांच्या हाती फक्त सिरिंज आहे त्यांना नाही!

हे भय कागदावरचं नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवण्यात आली, आणि पुढे दोन परिचारिकांवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागली, अकरा रुग्ण दगावले. तीन दिवसांनी अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईला आणि तीन परिचारिकांना. त्या बाळांच्या आयांचं दुःख कुणी कमी लेखू नये. त्या वेळी कोण कुठे होतं याची चौकशी व्हायलाच हवी. पण वीजजोडणी, आग विझवण्याची यंत्रणा, बाहेर पडायचा दरवाजा, यातलं काय परिचारिकेच्या सहीने बसतं? निलंबित झालेल्याला निदान निर्वाह भत्ता मिळतो, विभागीय चौकशीत बाजू मांडता येते. कंत्राटी मुलीला एक पत्र मिळतं आणि ती घरी जाते. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोताच्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा लोकांना वाटलं पगारासाठी भांडतात. प्रश्न पगाराएवढाच या असुरक्षिततेचाही होता.

आता दिलासा देणाऱ्याही काही गोष्टी आहेत, त्या माहीत असाव्यात.

एक, नुकसानभरपाईच्या दाव्यात रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात, विषमज्वराच्या मुलाला नर्सने चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पुरेशी शिकलेली नव्हती. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाच जबाबदार धरलं. पण कोर्टात भरपाई मालक देतो, तुरुंगात मात्र ज्याचं त्यालाच जावं लागतं, हा फरक विसरू नका. डॉक्टर काढतात तसा व्यावसायिक विमा परिचारिकेनेही काढावा, पण विमाही भरपाईपुरताच.

दोन, २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे, निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा हवा, आणि फौजदारी कारवाईआधी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. तो निकाल डॉक्टरांच्या संदर्भात आहे. पण तोच न्याय आम्हालाही लावा, असा आग्रह आपल्या वकिलाने धरायला हवा.

तीन, कलम १०६(१) चा गुन्हा जामीनपात्र आहे. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच अटक करायची नसते, आधी हजर राहण्याची नोटीस देता येते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही, अपवादात्मक प्रसंगी महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. घाबरून सकाळच्या चहाआधी साहेबांनी पुढे केलेल्या जबाबावर सही करू नका. वाचा, प्रत मागा, मग सही करा.

चार, कुणी अंगावर हात टाकला तर २०१० चा महाराष्ट्राचा कायदा परिचारिकेलाही लागू आहे. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा अजामीनपात्र आहे. तक्रार रुग्णालयाने करायची असते, ती करायला लावा.

आणि रोजच्या सवयी: फोनवरची ऑर्डर उलट म्हणून दाखवा, वेळेसकट लिहा, सकाळी डॉक्टरची सही घ्या. मात्रा पटली नाही तर विचारा, तरी पटली नाही तर वरिष्ठांना कळवा, तेही लिहा. खाडाखोड करू नका, एक रेघ मारून सही करा. दुसरीने भरलेलं इंजेक्शन देऊ नका. जे शिकवलेलं नाही ते करायला सांगितलं तर "मला येत नाही" म्हणायची लाज बाळगू नका. नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका, ती संपलेली असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही तुम्ही चूक ठरता.

आता दोन शब्द आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींशी. तुमच्यातल्या कित्येकींना सिस्टर आठवते ती लेबर रूममध्ये खेकसणारी, थप्पड मारणारी, जळून आलेल्या बाईला "खरं सांग, काय केलंस" म्हणणारी. ती खरी आहे. माझ्या वॉर्डातही ती होती, आणि कधीकधी ती मीच होते. रुग्णांच्या हक्कांसाठी तुम्ही लढलात ते योग्यच होतं आणि परिचारिकांची संघटना अशा वागणुकीवर पांघरूण घालत असेल तर तिलाही जाब विचारा. पण बाळंतिणीचा हक्क आणि परिचारिकेचा हक्क एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. वीस बाळंतिणींमागे एक सिस्टर ठेवणाऱ्या व्यवस्थेत दोघींचाही बळी जातो, आणि व्यवस्था दोघींना एकमेकींसमोर उभं करून मोकळी होते.

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. कलम १०६ मधली सवलत ठेवायची असेल तर ती नोंदणीकृत परिचारिकेलाही द्या, नाहीतर कुणालाच देऊ नका. चौकशी सुरू होताना त्या पाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या हा पहिला प्रश्न असू द्या, आणि पदं रिकामी ठेवणाऱ्यालाही त्याच कागदावर आणा. आणि कंत्राटी मुलीला काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकण्याची सक्ती करा.

ती मुलगी आता डायलिसिसला जाते आहे. मी तिला जा म्हटलं. आयसीयू सोडणं म्हणजे पळून जाणं नव्हे, बाई मोडून पडण्याआधी थांबली तर ती आणखी वीस वर्षं काम करेल. पण जाताना तिच्या हातात एक वही दिली. तिथे किती मशीन, किती सिस्टर, डॉक्टर किती वाजता येतो आणि किती वाजता जातो, हे पहिल्या दिवसापासून लिही म्हटलं. रुग्णाचं नाव त्यात नको, व्यवस्थेचं सगळं हवं. तुमच्या गावातल्या सिस्टरही अशा वह्या ठेवू लागल्या आणि वर्षाअखेर एकत्र बसून वाचू लागल्या, तर पुढच्या आगीनंतर अटक कुणाला करायची याचा विचार निदान एकदा तरी करावा लागेल.